सुट्टीत पोरांना मराठीतलं नवीन काय वाचायला द्यावं? इंदूरच्या एका पुस्तकवाल्याची फळी

फळीवाला | १२ मे, रात्री १०:१५

उन्हाळ्याची सुट्टी लागली की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. पोरं तो विचारत नाहीत, त्यांच्या आज्या विचारतात. "भैया, नातवासाठी मराठीतलं काही छान दे." मी म्हणतो, नातवाला काय आवडतं? "ते सोड रे, भाषा शुद्ध पाहिजे." इथेच घोडं पेंड खातं.

ओळख सांगतो. इंदुरात घराच्या पुढच्या खोलीत मराठी पुस्तकं विकतो. गणपतीत आणि नाटकांच्या मध्यंतरात टेबल लावतो. त्यावर घर चालत नाही. घर चालतं ते स्टेशनरीवर आणि जूनमधल्या कोर्सच्या पुस्तकांवर. पण बावीस वर्षं पोरांना पुस्तक हातात धरताना आणि खाली ठेवताना बघतोय, त्यातून जे कळलं ते लिहितो. फक्त गोष्टी-कादंबऱ्यांबद्दल. संस्कारकथाही ठेवतो मी, त्या भरपूर विकल्या जातात. वाचलेल्या मात्र अजून पाहिल्या नाहीत.

आधी वाचण्याबद्दल. आपली पोरं शाळेतल्या हिंदीमुळे देवनागरी धडाधड वाचतात, त्यामुळे घरच्यांना वाटतं मराठीही आलीच. मी दुकानात पोराला मधलंच एक पान उघडून चार ओळी मोठ्यानं वाचायला लावतो. 'दुसऱ्या'पाशी गाडी थांबते, कारण हा ऱ्य हिंदीच्या पुस्तकात त्यानं कधी पाहिलेलाच नसतो. ळचा ल होतो. 'चाक'मधला च 'चिमणी'तल्या चसारखा येतो. पानांचे आकडेसुद्धा देवनागरीत. 'अडुसष्टावं पान काढ' म्हटलं की पोर माझ्या तोंडाकडे बघतं. हे सगळं चालतं, महिन्याभरात सुटतं.

खरा घोटाळा ओळखीचे वाटणारे शब्द करतात. "तिने पिशवी खाली ठेवली" हे वाक्य एका मुलीनं पिशवी रिकामी ठेवली असं समजून वाचलं आणि दोन पानांनंतर मला विचारलं, "काका, मग त्यातले आंबे कुठे गेले?" "आजी पीठ मळत होती" म्हणजे आजी कुणाची तरी पाठ चोळून देतेय, असं एका भिडूचं मत पडलं. शिक्षा, चेष्टा, परवा, केस, सगळे त्याच माळेचे मणी. पोर अडखळत नाही, त्यामुळे आपल्यालाही कळत नाही. ते बिचारं वेगळीच गोष्ट वाचत असतं आणि शेवटी म्हणतं, बोअर आहे.

म्हणून पुस्तकांच्या मागे छापलेले वयोगट मी मानत नाही. भाषा दोन वर्षं खालची चालेल, विषय खालचा चालणार नाही. दहा वर्षांच्या पोराला ससा-कासव दिलं की ते अपमान झाल्यासारखं बघतं, आणि बरोबर आहे त्याचं.

आता फळीवर काय आहे ते.

लहानांसाठी माझा पहिला हात माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांकडे जातो. 'राधाचं घर'मध्ये राधा घरातल्या एकेका माणसाबद्दल सांगते, बस. चित्रंही पुरंदऱ्यांचीच. त्यात कोणी कोणाला काही शिकवत नाही, हे त्यातलं मोठं सुख. वाक्यं बोलण्यातली आहेत, त्यामुळे वाचताना आजीचा आवाज ऐकू येतो. त्यांना २०१४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळालाय, पण पोराला हे सांगू नका. पुरस्काराचं नाव काढलं की त्यांना गृहपाठाचा वास येतो.

नऊ ते बाराची फळी सध्या बरी भरली आहे. संगीता बर्वे यांची 'पियूची वही' (हिलाही अकादमीचा, २०२२; पुढच्या कंसांतली सालंही त्याच पुरस्काराची) रोजनिशीसारखी आहे, म्हणून तुकड्यातुकड्यानं वाचता येते. एका दिवसाची नोंद संपली की पुस्तक मिटलं तरी पोराला हरल्यासारखं वाटत नाही. ज्यांचं मराठी वाचन अजून रांगतंय त्यांना मी आधी हीच देतो. सलीम सरदार मुल्ला यांचं 'जंगल खजिन्याचा शोध' (२०१९) नावावरच विकलं जातं. लेखक स्वतः वनखात्यातले, तेव्हा जंगल ऐकीव नाही. भारत सासणे यांचं 'समशेर आणि भूतबंगला' (२०२४) तर मी टेबलावर उभं करून ठेवतो. भूतबंगला या शब्दाला हिंदीत आणि मराठीत एकच अर्थ आहे, देवाची कृपा! ल. म. कडू यांचं 'खारीच्या वाटा' (२०१७) मला स्वतःला या सगळ्यांत जास्त आवडतं, पण ते सावकाश चालतं. ते पोराच्या हातात देऊन मोकळं होण्याचं पुस्तक नव्हे, शेजारी बसून वाचण्याचं आहे.

रहस्यकथा हवी तर सत्यजित राय यांचा फेलूदा. अशोक जैन यांचा अनुवाद, रोहन प्रकाशन. पहिली फेलूदा कथा १९६५ ची, नवीन कुठली म्हणाल, पण ज्यानं वाचली नाही त्याला नवीनच.

बारा ते सोळाची फळी? तिथे मी हात टेकतो. उद्या लिहितो, आत्ता लाइट गेले आहेत आणि फोन बारा टक्क्यांवर आहे.

---

रामबागची_आजी | १२ मे, रात्री १०:५०

भैया, तुमच्या दुकानातून शुद्ध भाषेचा संच नेणारी आजी ती मीच की काय, अशी शंका येऊन राहिली आहे. तो संच तसाच आहे हो. प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही. नात अकरा वर्षांची, घरात 'चकमक' हे मुलांचं हिंदी मासिक येतं ते तोंड खुपसून वाचते, मराठी पुस्तक दिलं की पोट दुखतं तिचं.

---

जुनं_खोड | १३ मे, सकाळी ६:३२

एवढी लांबलचक पोस्ट आणि त्यात भा. रा. भागवतांचं नाव नाही? फास्टर फेणे नाही? ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, भागवत जन्मले इंदुरात, १९१० साली. आपल्या गावचा माणूस, त्यानं महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांना वाचायला लावलं, आणि इंदूरचाच पुस्तकविक्रेता त्याला विसरतो. धन्य आहे.

गोट्या, चिंगी यांचंही नाव नाही. सगळं २०१७ नंतरचं. नवं ते सोनं असं झालंय.

---

विजयनगरचा_बाबा | १३ मे, सकाळी ९:१०

उत्तम धागा. आम्ही पुण्याहून चार वर्षांपूर्वी आलो. मुलगा आठ वर्षांचा. 'खाली'चा किस्सा वाचून बायको आणि मी एकमेकांकडे बघत बसलो, कारण काल रात्री अगदी हेच घडलंय. शब्द वेगळा होता, 'परवा'. "मला परवा आहे" असं काहीतरी त्यानं ठोकून दिलं.

एक व्यावहारिक प्रश्न. पुस्तकं ऑनलाइन मागवली तर कधीकधी स्वस्त पडतात. तुमच्याकडून का घ्यावी? राग मानू नका.

---

फळीवाला | १३ मे, दुपारी २:०५

@जुनं_खोड काका, विसरलो नाही, मुद्दाम बाजूला ठेवलं होतं. तुम्ही येणार हे माहीत होतं.

फास्टर फेणे माझ्याकडे कायम असतो. विकत कोण घेतं ते सांगतो. पंचेचाळीस ते साठ वयाचे बाबा आणि आजोबा. पुस्तक हातात घेतात, 'ट्टॉक्' असा आवाज काढतात, डोळे पाणावतात, आणि अख्खा संच बांधायला सांगतात. घरी गेल्यावर पोराला तो गठ्ठा म्हणजे डोंगर दिसतो. त्यात आजोबा शेजारी बसून "आता बघ काय होतं" म्हणत राहतात. कोणत्या पोराला असं वाचायला आवडेल? २०१७ मध्ये सिनेमा आला तेव्हा चार-पाच महिने पोरांनी स्वतः मागून नेला, तेव्हा माझी खात्री पटली की खोट पुस्तकात नाही, देण्याच्या पद्धतीत आहे.

मी एकच देतो. संच मागितला तरी एकच. आवडला तर पोर स्वतः दुसरा मागायला येतं, आणि त्याला मी तो पाच रुपये कमी करून देतो. भागवतांचाच 'बिपिन बुकलवार' माझ्या मते आपल्याकडच्या पोरांना जास्त जवळचा, पण तो कोणी मागत नाही, कारण बाबांच्या आठवणीत तो नाही.

गोट्या-चिंगीबद्दल वाद घालत नाही. मलाही आवडतात. मला म्हणजे मला.

@विजयनगरचा_बाबा राग कसला. चित्रांचं पुस्तक आधी हातात घेऊन बघायचं असेल तर इकडे या, नाव पक्कं ठाऊक असेल तर ऑनलाइन मागवा. फक्त पूर्वी मी प्रकाशकांकडून नोंदणीकृत बुक पोस्टानं मागवायचो, ते टपालखात्यानं डिसेंबर २०२४ मध्ये बंद केलं. पुस्तकांसाठीची ती स्वस्त सोय गेली. आता दीडशे रुपयांच्या पुस्तकाला वाहतूक किती लागते ते विचारू नका. गेल्या पावसाळ्यात एका कुरिअरवाल्यानं खोका अंगणात फेकला. चाळीस पुस्तकं फुगली. ती उन्हात वाळवून निम्म्या किमतीत काढली, आणि गंमत म्हणजे ती सगळ्यात आधी संपली.

---

मांडवी_बडोदा | १३ मे, दुपारी ४:४०

बडोद्याहून लिहितेय. तुमच्याकडे निदान देवनागरी रोजची आहे. माझी मुलं गुजराती शाळेत. गुजरातीला शिरोरेषा नाही, त्यामुळे देवनागरीच्या ओळीकडे बघून धाकटा म्हणतो, "मम्मी, हे सगळे कपडे दोरीवर टांगलेत." एक मात्र आमच्या बाजूनं आहे. गुजरातीत ळ आहे! 'बाळ', 'फळ', 'डोळे' हे दोघंही तुमच्या इंदूरकरांपेक्षा स्वच्छ म्हणतात. :)

आमच्याकडे वाचायला देऊन काही झालं नाही, तेव्हा मी वाचून दाखवायला लागले. रोज रात्री दहा मिनिटं, वर एक मिनिटही नाही. गोष्ट मध्येच तोडायची. चौथ्या दिवशी मोठीनं मी स्वयंपाकघरात असताना पुढचं पान स्वतः वाचलेलं सापडलं. बोट ठेवून, पण वाचलं होतं.

आणि पैसे खर्च करण्याआधी प्रथम बुक्सचं स्टोरीवीवर बघा. मराठी गोष्टी फुकट आहेत, वाचनाच्या पायऱ्यांप्रमाणे लावलेल्या. तीच गोष्ट गुजरातीतही सापडते कधीकधी. मग मी दोन्ही शेजारी शेजारी उघडते.

अवांतर: सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डनसाहेबांना बोलावून संस्थानभर वाचनालयं उभी केली, खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या. त्या गावात राहून मी आज मराठी बालपुस्तकासाठी इंदूरच्या दुकानदाराला विचारतेय.

---

स्नेहलतागंज | १३ मे, रात्री ९:२५

मी इथल्याच एका शाळेत ग्रंथालय सांभाळते. आम्ही पाच बोटांची युक्ती वापरतो. मुलानं एक पान वाचायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. मूठ झाली की ते पुस्तक आत्ता नको. हिंदी-इंग्रजी पुस्तकांसाठी उत्तम चालते. मराठीसाठीही हीच वापरावी का?

---

फळीवाला | १३ मे, रात्री १०:०२

@स्नेहलतागंज मॅडम, मीही वापरून बघितली. फसली. 'खाली'साठी पोर बोट मिटतच नाही, कारण त्याला तो शब्द येतो असं त्याला वाटतं! पाचही बोटं उघडी आणि गोष्ट भलतीकडे.

मी उलटं करतो. पान वाचून झालं की पुस्तक मिटायला सांगतो आणि विचारतो, काय झालं? हिंदीत सांगितलं तरी चालतं. बहुतेक पोरं हिंदीतच सांगतात. त्यात दोन गोष्टी कळतात, समजलं किती आणि पुढे काय होईल याची उत्सुकता आहे का. दुसरी असेल तर पहिलीची मी फिकीर करत नाही.

---

स्नेहलतागंज | १३ मे, रात्री १०:११

हे सोमवारपासून करते. म्हणजे शाळा उघडली की.

---

लष्करवाली_१६ | १४ मे, रात्री ११:४८

बारा ते सोळाची फळी उद्या लिहितो म्हणालात, दोन दिवस झाले काका. मी ग्वाल्हेरची, सोळा पूर्ण. तुम्ही सगळे आमच्याबद्दल बोलताय म्हणून लॉगिन केलं (आईच्या नव्हे, स्वतःच्या आयडीनं).

मला मराठी पुस्तकं का आवडत नाहीत सांगू? नेहमी कोणीतरी सुट्टीत गावाला जातं. तिथे विहीर, आमराई, मामा, बैलगाडी. आम्हाला गाव नाही. म्हणजे आहे, पण ते हेच. आमचे पूर्वज शिंद्यांबरोबर आले, तेव्हापासून ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आहोत. घरी मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी, आणि ह्यातलं एकही धड नाही असं महाराष्ट्रातले नातेवाईक दर लग्नात सांगतात. "अगं बाई, किती गोड हिंदी मराठी बोलते!" असली पोरगी एका तरी मराठी पुस्तकात आहे का? मला भेटली नाही. इंग्रजीत निदान ड्रॅगन असतात, मग मी तिथे नसले तरी चालतं, तिथे कोणीच नसतं.

हॅरी पॉटर मराठीतून वाचला एकदा, गंमत म्हणून. भोपाळच्याच प्रकाशकानं काढलाय, मंजुलनं. 'हॅरी पॉटर आणि परीस'. आधी हसू आलं, मग ते मराठी डोक्यात बसलं. परीस शब्द मला तिथून कळला. तेव्हा भाषा माझी अडचण नाहीये. गोष्ट आहे.

---

रामबागची_आजी | १५ मे, सकाळी ७:०५

बाळा, तू लिहिलंस ते वाचून मला रात्रीची झोप लागली नाही. माझ्या लग्नात सासरच्यांनी हेच म्हटलं होतं. मी नागपूरकडची असूनही!

---

जुनं_खोड | १५ मे, सकाळी ७:४०

विहीर, आमराई हे साहित्यातलं सौंदर्य आहे. आपण पाहिलं नाही म्हणून ते वाचायचं नाही काय? मी ड्रॅगनही पाहिलेला नाही.

---

लष्करवाली_१६ | १५ मे, दुपारी १:१५

@जुनं_खोड आजोबा, हा पॉइंट मान्य. पण ड्रॅगन न पाहिल्याबद्दल कोणी मला लग्नात टोमणे मारत नाही.

---

जुनं_खोड | १५ मे, दुपारी १:३१

:) बरं.

---

फळीवाला | १५ मे, रात्री ९:५०

उशीर झाला, बेटा. खरं सांगायचं तर टाळत होतो. बारा ते सोळासाठी नवीन काय, हे कोणी विचारलं की मी चहा मागवतो.

धंद्याच्या बाजूनं सांगतो. बारा वर्षांपर्यंत पुस्तक आजी-आई घेतात, अठरानंतर माणूस स्वतः घेतो. मधल्या वयाचा गिऱ्हाईकच नाही, कारण त्यानं त्याचा खाऊचा पैसा इंग्रजीवर घालवलेला असतो. गिऱ्हाईक नाही म्हणून प्रकाशक जपून छापतात, छापत नाहीत म्हणून गिऱ्हाईक येत नाही. या वयासाठी गेल्या दहा वर्षांतली, पोरांनी एकमेकांकडून हिसकावून वाचलेली मराठी कादंबरी मला विचाराल तर मी गप्प बसेन. पुरस्कार मिळालेली सांगता येईल, हिसकावलेली नाही.

तेव्हा या फळीवर मी जुनंच ठेवतो, पण निवडून.

तुझ्यासाठी माझ्या डोक्यात एकच नाव आहे. प्रकाश नारायण संत, 'वनवास'. लंपन नावाचा मुलगा, कर्नाटकाच्या सीमेवरच्या गावात आजी-आजोबांकडे राहतो. आता तू म्हणशील, पुन्हा गाव आणि आजी. थांब. त्याचं मराठी ऐक. कानडी मिसळलेलं, वाकडं, स्वतःचं. मनात चाललेलं सगळं 'मॅडसारखं' असतं. त्याला कोणी शुद्ध करत नाही, लेखक तर मुळीच नाही. १९९४ मध्ये हे पुस्तक आलं तेव्हा पुण्या-मुंबईच्या वाचकांनी त्या मिसळलेल्या मराठीसाठीच त्याला डोक्यावर घेतलं. कानडीच्या कडेला राहणाऱ्या पोराची भाषा साहित्य झाली, तर हिंदीच्या कडेला राहणाऱ्या पोरीची का होणार नाही? फक्त ती अजून कोणी लिहिली नाही. तुझ्याकडे बघून म्हणत नाहीये. (म्हणतोय.)

पुढे 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' अशी आणखी तीन पुस्तकं आहेत. २०२४ मध्ये मालिकाही आली. पण आधी पुस्तक. पहिल्या कथेत भाषा अडेल, वीस पानं सोस.

ड्रॅगनच्या बाजूचं काही हवं तर जयंत नारळीकर, 'यक्षांची देणगी'. विज्ञानकथा आहेत, छोट्या. नारळीकर वाढले काशीत, म्हणजे तेही आपल्यासारखे बाहेरचेच मराठी. १९७४ च्या स्पर्धेत स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून, 'नारायण विनायक जगताप' या नावानं गोष्ट पाठवली, कुणी ओळखू नये म्हणून. बक्षीस मिळालं. हा किस्सा मी प्रत्येक पोराला सांगतो. पुस्तक नाही घेतलं तरी किस्सा घेऊन जातात.

मिलिंद बोकील यांची 'शाळा' चौदाच्या पुढे. नववीतली पोरं, आणीबाणीचा काळ, आणि ते वय जसं असतं तसं, पडदा न टाकता. आज्यांना विनंती, आधी स्वतः वाचून मग ठरवू नका. ठरवाल तर देणार नाही तुम्ही.

---

विजयनगरचा_बाबा | १५ मे, रात्री १०:२०

'शाळा' मला कॉलेजात मिळाली होती. नववीत मिळाली असती तर काय झालं असतं याचा विचार करतोय. बहुधा नापास.

---

मांडवी_बडोदा | १६ मे, दुपारी १२:३०

किशोरचे जुने अंक कोणी सांगितले नाहीत अजून? बालभारतीचं मासिक, १९७१ पासूनचं. जुने अंक संकेतस्थळावर फुकट आहेत. मोठीला मी त्यातल्या एकेक गोष्टी काढून देते. चित्रांसाठीसुद्धा बघण्यासारखे.

---

जुनं_खोड | १६ मे, दुपारी ३:००

@मांडवी_बडोदा हे ठाऊक नव्हतं. आत्ताच उघडून बघतो म्हणता म्हणता दोन तास गेले. आभार.

@फळीवाला, बिपिन बुकलवार आहे का शिल्लक? नातवासाठी नाही, मला हवंय. नातवासाठी तो भूतबंगला द्या.

---

फळीवाला | १६ मे, सायंकाळी ६:१८

दोन्ही ठेवलेत, काका. भूतबंगला देताना शेजारी बसू नका मात्र.

---

रामबागची_आजी | २४ मे, रात्री ८:४५

धागा वर काढते. त्या दिवशी दुकानात येऊन 'पियूची वही' नेली, नातीला सांगितलं की ही मी माझ्यासाठी आणली आहे, हात लावू नकोस. तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी उशीखाली सापडली. पाऊण झाली आहे.

'ताई' शब्दाला अडली होती. आपल्या घरात ताई म्हणजे मोठी बहीण हे तिला ठाऊक आहे, पण पुस्तकात वाचताना शेजारच्या शर्मांकडची ताईजी डोळ्यासमोर आली म्हणे, मोठ्या काकाची बायको. तरी पुढे वाचत गेली.

शुद्ध भाषेचा संच परत घेता का हो? प्लॅस्टिक तसंच आहे.

---

फळीवाला | २४ मे, रात्री ९:०२

परत घेतो, आजी. बदल्यात फेलूदाचे दोन आहेत, एकाचा कोपरा दुमडलाय.

---

लष्करवाली_१६ | २४ मे, रात्री ११:३०

वनवास मागवलं. तेवीस पानं झाली. "वीस पानं सोस" म्हणाला होतात, तीन जास्त सोसली. कानडी शब्द कळत नाहीत, पण तो घाबरल्यावर मनातल्या मनात जे बोलतो ते मी रोज बोलते. हिंदीत.

पंखा आहे का तुमच्याकडे? ग्वाल्हेरला पाठवायला किती लागतील?

---

फळीवाला | २५ मे, सकाळी ८:१०

पंखा आहे. शनिवारी आमचे एक गिऱ्हाईक मुलीकडे ग्वाल्हेरला चाललेत, त्यांच्या पिशवीत टाकतो. ते लष्करातच उतरणार आहेत. टपालाचा खर्च वाचला.

---

रामबागची_आजी | २५ मे, सकाळी ८:३५

दुमडलेलाच ठेवा. गुरुवारी पोह्यांनंतर येते.